पाच वेळा उठणारी बाई

हैदराबाद,
७ ऑक्टोबर १९५६

प्रिय भुजंग,

तुझं पत्र परवा मिळालं. पेडगावच्या शाळेत तुझा जम बसला, पहिलीची पोरं तुला घाबरायचं सोडून आता तुझ्या अंगाखांद्यावर चढतात, हे वाचून बरं वाटलं. इथं सगळीकडे एकच बोलणं आहे, पुढच्या महिन्यापासून परभणी मुंबई राज्यात जाणार. वसतिगृहातले तेलंगी मित्र थट्टा करतात की आता तुम्ही परदेशी. बी.कॉम.चं हे शेवटचं वर्ष, तेव्हा परीक्षा होईस्तोवर परदेशी म्हणूनच राहायचं.

व्यापाराच्या पदवीत माणसांबद्दल काय शिकवतात, असं तू विचारलंस. आमच्याकडे कारखान्याची व्यवस्था असा एक विषय आहे. माणूस कामाला कसा निवडावा, त्याला काम कसं शिकवावं, तो काम सोडून का जातो, हे त्यात येतं. आपण दोघं शाळेत उर्दूतून शिकलो आणि इथं सगळं इंग्रजीतून. पहिलं वर्ष मी नुसती मान डोलवत काढलं. हा विषय मात्र लगेच कळायला लागला, कारण त्यातली माणसं मी पाहिलेली होती. निदान तसं मला वाटत होतं.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी परभणीच्या कापसाच्या जीनमध्ये तीन आठवडे जात होतो. कारखाना प्रत्यक्ष पाहून अहवाल लिहायचा होता. पिंगळीहून सकाळच्या गाडीनं तुझी आई मनकर्णामावशी, बाकीच्या बाया आणि मी बरोबरच जायचो. मावशी फडक्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवायची आणि म्हणायची, "खा. शिकणाराला भूक लय लागती." जीनमध्ये मॅनेजरनं मला कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यांच्या रांगेसमोर खुर्ची दिली होती. कोणती बाई रेच्यात किती कापूस टाकते, किती वेळा जागा सोडून जाते, हे मी घड्याळ लावून लिहायचो. कापसाचे तंतू नाकातोंडात जायचे, पण मोठा साहेब झाल्यासारखं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मी इकडे परतलो आणि आठवड्याभरात तुझं पत्र आलं. मावशीला कामावरून काढलं होतं. मुकादम आसारामकाकांनी मॅनेजरचे कान भरले, असं तू लिहिलं होतंस. उद्यापासून येऊ नका, हा निरोप त्यांनीच दिला, म्हणून तुझा तसा समज झाला. तेव्हापासून मावशी लोकांच्या रानात खुरपायला जाते आणि संध्याकाळी तिला सरळ उभं राहवत नाही, हेही तूच कळवलंस. छबूचं आणि आसारामकाकांच्या बन्सीधरचं ठरलेलं लग्न तू मोडलंस. "ज्यानं माज्या मायच्या पोटावर पाय दिला, त्याच्या घरात मी बहीण देणार न्हाई," असं तू चारचौघांत बोललास म्हणे. मी उत्तरात लिहिलं, धीर धर. बाकी काही लिहिलं नाही.

फेब्रुवारीत आमच्या सरांनी माझा अहवाल वर्गात वाचून दाखवला. टापटिपीचं कौतुक केलं आणि मग एका ओळीवर थांबले. मी लिहिलं होतं, एक बाई दिवसातून पाच वेळा जागा सोडते, तिच्या जागी दुसरी नेमली तर काम वाढेल. सरांनी विचारलं, "ही बाई जाते कुठं?" मी म्हणालो, "ठाऊक नाही, सर." "तिला विचारलंत?" मी नाही म्हणालो. सर रागावले नाहीत. कागद माझ्या हातात देत म्हणाले, "मग हा अर्धाच आहे. उरलेला लिहून आणा." ती बाई कोण, हे तू ओळखलं असशीलच.

मे महिन्यात मी आलो तेव्हा तू सोयऱ्यांकडे गेला होतास. मी आसारामकाकांकडे गेलो. ते अंगणात बाज विणत बसले होते. मावशी कुठं जायची, असं मी विचारलं. हातातली सुतळी खाली ठेवून ते म्हणाले, "भिंतीपल्याड लिंबाखाली बायांची लेकरं असतात. मनकर्णाबाई जाऊन समद्यांकडं बघायची. कुणाला पाणी पाज, कुणाची झोळी हलीव. ती एकली उठायची म्हणून बाकीच्या आठ बाया जागंवर ऱ्हायच्या. ती गेली आन् आठीच्या आठी उठायला लागल्या. हंगामभर काम मागंच पडलं." हे तेव्हाच का सांगितलं नाही, असं मी म्हणालो. ते म्हणाले, "तुमी इचारलंच न्हाई. घड्याळाकडंच बघत व्हता."

जुलैत मी अहवाल पुन्हा लिहिला आणि एक प्रत जीनच्या मॅनेजरला धाडली. दोन महिने काहीच आलं नाही. गेल्या आठवड्यात त्यांचं उत्तर आलं. लेकरांसाठी पत्र्याची खोली उभी राहतेय, आणि ती सांभाळायला मनकर्णाबाई येत असतील तर रेच्यावरच्या बाईइतकीच मजुरी देऊ, असं त्यांनी लिहिलंय. कामावरून काढताना मावशीला कुणी काही विचारलं नव्हतं. या वेळी तू विचार. ती नाही म्हणाली तर तिला आग्रह करू नकोस.

आता जे सांगायला दहा महिने लावले ते सांगतो. तुझ्या परवाच्या पत्राच्या शेवटी होतं की छबूचं देवगाव फाट्याकडे जमतंय आणि दसऱ्याला सुपारी फोडायची आहे. ते वाचून मला राहवलं नाही. भुजंग, मावशीला काढलं ते माझ्या अहवालावरून. मी निघताना मॅनेजरनं नक्कल मागितली आणि मी ती खुशीनं दिली. त्यातल्या तक्त्यात नाव मावशीचं आहे हे ठाऊक असून दिली, कारण शाबासकी हवी होती. आसारामकाका तर तिला काढू नका म्हणून मॅनेजरशी भांडले होते. तुम्ही भुजंगला खरं का सांगितलं नाही, असं मी त्यांना मे महिन्यातच विचारलं, तर म्हणाले, "शिकणाऱ्या पोराचं नाव गावात कशाला घालवायचं? तुमाला वाटंल तवा तुमीच सांगा." त्यांनी तुझे शब्द ऐकून घेतले, पोराचं मोडलेलं लग्न पाहिलं, आणि मी इथं बसून तुला धीर धर लिहीत होतो. सुपारी फुटायच्या आधी तू त्यांच्या घरी जा. छबूच्या मनात काय आहे ते छबूलाच विचार. हे पत्र मावशीला सगळं वाचून दाखव, एकही ओळ गाळू नकोस. दिवाळीला मी येतोय. स्टेशनवर ये असं म्हणत नाही. मी सरळ तुमच्या दारी येईन. मावशी जे बोलेल ते मला उभ्यानं ऐकून घ्यायचंय.

अजूनही तुझाच म्हणवून घेऊ पाहणारा,
राधाकिशन