बिनक्लचची गाडी मंजुळाच्या नावे

मी, चांगदेव बाबूराव तायडे, वय बासष्ट, वीज कंपनीतून निवृत्त, राहणार सिमरोल, जिल्हा इंदूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. स्वादुपिंड शाबूत नाही, आणि होळीच्या पुढचं काहीही बोलायचं डॉक्टर टाळतात.

सिमरोलचं राहतं घर अंगणासह माझी पत्नी मंजुळा हिचं. बँकेत जे असेल ते तिचं आणि मुलगी धम्मदीना हिचं. पुण्यात नोकरीला असलेला माझा मुलगा रत्नपाल याची त्याला हरकत नाही, तसं त्यानं फोनवर सांगितलं आहे. पोरगा मनाचा चांगला आहे.

आता गाडी. खरं तर हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच आहे.

धम्मदीनाचं सोमवारी आणि गुरुवारी तुकोगंजच्या दवाखान्यात डायलिसिस असतं. आजवर मी नेत होतो. आता माझ्या औषधांनी झापड येते, म्हणून स्टिअरिंग सुटलं. टॅक्सी करून पाहिली. परतताना पोरीला उलटी झाली, तर अर्पित नावाच्या ड्रायव्हरनं "अंकलजी, सीट खराब हो जाएगी, यहीं उतर लो" म्हणत आम्हाला तेजाजीनगरच्या चौकात उतरवलं. मरताना सगळ्यांना माफ करावं म्हणतात. अर्पितला केलेलं नाही.

मग मंजुळानं चालवायचं ठरलं. तिचा डावा गुडघा वाकत नाही, क्लच दाबणं जमत नाही, म्हणून ऑटोमॅटिक. तिनं या वयात लायसन्स काढलं. रत्नपालनं ड्युअल क्लचवाली निवडली. "पप्पा, गिअर एकदम मक्खन, ॲव्हरेजही चांगला." त्याच्या हायवेला ते खरंच आहे. पण दवाखान्याच्या तळघरातून वर यायला चढ आहे आणि वर गेटपाशी कायमचा जाम. ब्रेक सोडला की गाडी मागे सरकायची, म्हणून मंजुळा ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून तिला चढावर तोलून धरायची. एके दिवशी जळका वास आला, गाडीनं गरम झाल्याचा इशारा दिला आणि तिथंच हटून बसली. पाठीमागे हॉर्न, मागच्या सीटवर गळून गेलेली पोर.

रत्नपाल फोनवर म्हणाला, "मम्मी, तशी नाही धरायची गाडी, क्लच जळतो ना."

"क्लच? अरे, क्लच नाही म्हणून तर घेतली ना ही!"

"आत दोन आहेत मम्मी. गाडी आपली आपणच दाबते."

मंजुळानं किल्ली खुंटीला अडकवली, ती अजून तिथंच आहे. "अहो, मुझसे नहीं होगा. चढावर पोरीचं काही झालं तर?" मी समजावलं, चिडलो, हात जोडले, शेवटी तिच्यासमोर रडलोसुद्धा.

शेजारचे प्राध्यापक उन्मेष दातार नाशिकला परत चालले आहेत. त्यांची जुनी, साध्या ऑटोमॅटिकची गाडी मी घेतली आणि थेट मंजुळाच्या नावावर केली. तिच्यात इंजिनाची ताकद तेलातून पुढे जाते. ब्रेक सोडला की ती अलगद पुढे निघते आणि जाममध्ये रांगायला कुरकुरत नाही. पेट्रोल जास्त पिते, उचल सुस्त आहे. असू दे. आपल्याला कुणाच्या पुढे जायचंय? मात्र मंजुळा, चढावर थांबताना हीसुद्धा ब्रेकवरच धरायची.

ड्युअल क्लचची गाडी रत्नपालला. त्यानं निवडली, त्यानं चालवावी. अट एकच: न्यायला स्वतः यावं, आणि आईला "सोपं आहे" असं म्हणू नये.

माझे वडील महूला फौजेच्या गाड्या चालवायचे. त्यांची पान्यांची पेटी धम्मदीनाला. तिला लहानपणापासून वस्तू उघडून बघायची खोड आहे.

अंत्यविधी बौद्ध पद्धतीनं, साधा करावा. त्या दिवशी सोमवार किंवा गुरुवार असेल तर आधी पोरीचं डायलिसिस, मग मी. मी थांबेन.

मंजुळा, घर लिहून देता येतं, गाडी देता येते, हिंमत कशी लिहून देऊ? तू तुझ्या या गाडीच्या किल्लीला हात लावायच्या आत मी गेलो तर काय, या विचारानं माझा जीव कासावीस होतो. येत्या गुरुवारी तू चालवायचंस. मी शेजारी बसणार नाही, मागे पोरीजवळ बसेन. पुढची डावी सीट रिकामी राहील. तिची सवय आत्तापासून कर.

हे मी वाचून, समजून, खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केलं आहे.

चांगदेव बाबूराव तायडे (सही)

साक्षीदार: उन्मेष दातार (सही), शैलजा दातार (सही)

दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

ठिकाण: सिमरोल, मंजुळाच्या गाडीची मागची सीट. सही करतेवेळी मंजुळा पुढे स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसली आहे. गाडी अजून सुरू केलेली नाही.