तात्या, मी तलावावर कामाला चालले

तात्या,

मी बारामतीला मावशीकडं चाललीय. मी क्रीडासंकुल व्यवस्थापनाचा डिप्लोमा केला, तवा तुमी साऱ्या शेळगावात पेढे वाटले. मग पुण्याच्या पवायच्या क्लबानं ट्रेनी मॅनेजरच्या मुलाखतीला बोलावलं, तर ते पत्र तुमी ज्वारीच्या कोठीत दडवलं. काल मला ते घावलं, पण मुलाखतीची तारीख उलटून आठ दिवस झालेत. आईनं इचारलं तर म्हणालात, "पोरीनं काय लोकांची पोरं पवायला शिकवायची व्हय?"

व्हय, तेच शिकवणार हाय. तितल्या पवायच्या तलावावर जीवरक्षक म्हणून उद्यापासनं लागतीय, पोरांना शिकवायचं कामबी हाय. वर्षभर अनुभव घेऊन पुन्हा अर्ज करीन. रविवारी मला बघायला येणाऱ्या पाहुण्यांना काय सांगायचं ते तुमीच ठरवा.

बीपीच्या गोळ्या फळीवर ठेवल्यात, जेवल्यावर घ्या. मला फोन करू नका.

मयुरी