धुऊन परत पाठवलेला डबा

कात्रप, बदलापूर (पूर्व)
१० नोव्हेंबर २०२५

प्रिय आई,

सप्रेम जय भीम. तुझे गुडघे कसे आहेत? राजरत्नची कंपनीत दुसरी पाळी चालू आहे, त्यामुळे संध्याकाळी मी एकटीच असते. पोटातलं बाळ सारखं लाथा मारतं, तुझ्यावरच गेलंय.

फोनवर मोकळं बोलता येत नाही. घरमालकीण माई पलीकडेच राहतात आणि मधली भिंत पातळ आहे. सम्यकदादा डबा न्यायला आला की ही चिठ्ठी डब्यात घालून देईन.

माई वाईट नाहीत गं. दवाखान्यातही सोबत आल्या. पण खोली देतानाच त्यांनी बजावलं होतं, घरात 'तसलं' काही शिजायचं नाही. त्यामुळे आहाराच्या मॅडमनी काय खाता विचारलं, तेव्हा माईंच्या देखत माझ्या तोंडून निघून गेलं, "आम्ही शाकाहारी." मॅडमनी पालक, बीट, खजूर सांगितले. लोहाच्या गोळ्यांनी उलट्या व्हायच्या. रक्त वाढायचं सोडून आणखी उतरलं.

शनिवारी एकटीच गेले आणि खरं सांगितलं. गोळ्या बदलून मिळाल्या. मी भीतभीत विचारलं, मोठ्याचा खिमा चालेल का, म्हशीचा?

मॅडम म्हणाल्या, "मग सोडलात कशाला? त्यातलं लोह अंगी लागतं, प्रोटीनही मिळतं. कमी चरबीचा घ्या, पूर्ण शिजवा, आठवड्यातून दोनदा पुरे. सोबत डाळ, भाजी, लिंबू हवंच."

आता रागावू नकोस. तू दर रविवारी मेथी घालून पाठवलेला खिमा मी खाल्लाच नाही. वास जिन्यात जाईल, खोली जाईल, या भीतीने नाक्यावरच्या कुत्र्यांना घालत होते आणि तुला 'फक्कड झाला होता' म्हणून कळवत होते. कुत्री मात्र चांगली गुबगुबीत झालीत.

काल राहवलं नाही. बाथरूमचं दार लावून, नळ सोडून, उभ्यानेच चार घास खाल्ले. बाळाच्या वाट्याचा घास चोरासारखा खाल्ला, त्याची फार लाज वाटली. मग तिथेच रडत बसले.

राजरत्न म्हणतो, बाळंतपण होईपर्यंत गप्प राहू. मला तेवढा दम नाही.

पुढच्या रविवारी डबा पाठवू नकोस. तू स्वतः ये आणि माझ्या शेगडीवर कर. माईंना मी आधीच सांगणार आहे. त्यांनी खोली सोडायला लावली, तर कॅम्प चारच्या आपल्या घरात माझी गादी घालून ठेव.

खिडक्या उघड्या ठेवूनच करू.

तुझी, दोन जिवांची भुकेली,
प्रीती