सुपारीची चष्मेवाली

शालन,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, मग खोडलं. तुला जाऊन दोन महिने झाले, पण माझा राग काही उतरलेला नाही. तेराव्याला आले, पानावर बसले, कुणाशी न बोलता उठले. वाटलं होतं, संपलं आता. पण परवा तुझी लेक काजल सासरहून, वेल्ह्याहून, भोरला माझ्या दुकानात आली. ब्लाऊज शिवायला टाकणार असेल म्हणून मी टेप हातात घेतली, तर तिनं पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली आणि मशीनवर सोडली. सुपारीच्या सात बाहुल्या गडगडत खाली गेल्या. तू केलेल्या! म्हणून हे पत्र. कुणाला तरी बोलल्याशिवाय मला राहवणार नाही, आणि बोलायचं आहे ते तुलाच.

आपण पाच जणी. महिन्यातून एकदा तुमच्या आंबवड्याच्या देवळात जमायचं, प्रत्येकीनं हातानं केलेलं काहीतरी आणायचं आणि दुसरीचं घेऊन जायचं. सारोळ्याची कमल चहाची टपरी सांभाळून लोकरीची तोरणं करायची, तू गोधड्या, मी सुपारीच्या बाहुल्या. विकायचं नाही, कपाटात कोंडायचं नाही, मिळालं ते वापरायचं. हा नियम कुणी केला होता? तूच ना?

काजलचं लग्न ठरलं तेव्हा तू म्हणालीस, रुखवतात मांडायला काहीतरी झकास कर. मी चार महिने बसले. ब्लाऊजच्या चिंध्यांच्या साड्या, काडेपेटीचे गाडे, भाजीवाल्या, कासार, भेळवाला, एसटीची वाट बघणारं म्हातारा-म्हातारीचं जोडपं. अख्खा भोरचा बाजार एका पाटावर उभा केला. आणि कोपऱ्यात, नेहमीप्रमाणे, तारेचा चष्मा घातलेली एक बाई. माझ्या प्रत्येक कामात ती असते. ती मी, हे आपल्या पाच जणींशिवाय कुणाला ठाऊक होतं?

बदल्यात तू मला गोधडी दिलीस. दोन्ही हातांनी दिलीस, आणि माझ्या पाटासमोर बसून अर्धा तास हसत होतीस. म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

लग्नात मी फुलांचं ताट धरून रुखवताजवळ उभी होते. काजलच्या सासूबाई वाकून वाकून बाजार बघत होत्या. “ह्ये कुनी केलं?” त्यांनी विचारलं. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, “आमच्या काजलनं. रात-रात बसून केलंय.”

त्याचा मला राग आला नाही, शालन. खरंच नाही. रुखवतातलं सगळं नवरीनंच केलेलं असतं, हे आपल्याकडे सगळ्याच सांगतात आणि सगळ्याच ऐकून घेतात. शेजारणीनं विणलेला रुमालसुद्धा त्या दिवशी नवरीचा होतो. मी गप्प राहणारच होते. पण मी सहज कोपऱ्यात पाहिलं, तर चष्मेवाली नव्हती. तिच्या जागी डिंकाचा वाळलेला डाग तेवढा होता.

तू मला उपटून काढलंस! का गं? कुणी विचारणार होतं, ही चष्मेवाली कोण म्हणून? सुपारी काय साक्ष देणार होती? सगळ्या बाजारात मला एक कोपरा पुरला असता. मी तिथं मुकाट उभी राहिले असते आणि तुझ्या लेकीचं कौतुक ऐकलं असतं. तुझा माझ्यावर एवढाही भरवसा नव्हता?

मग पुढच्या महिन्यात देवळात मी जे केलं, तेही लिहिते. नाहीतर म्हणशील, स्वतःचं लपवते. मी सगळ्यांदेखत म्हणाले की हिला आता कुणी काही देऊ नका, ही घेताना गोड बोलते आणि नंतर माणसं उपटून टाकते. काजलनं सुईत दोरासुद्धा ओवलेला नाही, हेही म्हणाले. पुजारीबाई ऐकत होत्या, तुझी जाऊ दारात उभी होती. तू हातातली गोधडी गुंडाळलीस आणि म्हणालीस, “गावात शोभा केलीस माजी.” आणि निघून गेलीस. ते वाक्य मला अजून झोपेत ऐकू येतं. जीभ आवरायला हवी होती, मान्य. पण तू आधी हात आवरायला हवा होतास!

त्यानंतर आपण दोघी कशा वागलो? लहान पोरी तरी कट्टी दोन दिवसांत सोडतात. कमल बिचारी सारोळ्याहून येऊन तुझा निरोप सांगायची, की मंदा आधी बोलली तर मी बोलेन. मी तोच निरोप तुला उलट पाठवायचे. तू दिलेली गोधडी मी माळ्यावर टाकली. आधी कोण बोलणार हे ठरायच्या आत तू चार दिवस ताप अंगावर काढलास आणि पाचव्या दिवशी संपलीस. तापाचं तरी कुणाला सांगायचंस! तिथंही मानच आडवा आला का?

आता काजलचं. तिच्या नणंदेचं लग्न येत्या वैशाखात आहे. सासूबाई दिवाळीपासून सगळ्या भावकीत सांगत सुटल्या आहेत की रुखवत आमची सून करणार, बघा तिच्या हातात कशी कला आहे ती. पोर तुझ्याकडे रडत आली. आणि तू काय केलंस? भोरला यायला अर्ध्या तासाची एसटी होती. ती सोडून तू वाण्याकडून सुपाऱ्या आणल्यास आणि दार लावून स्वतःच बाहुल्या करायला बसलीस!

काय त्या बाहुल्या! बँडवाल्याचा फेटा डोळ्यांवर, नवरीचं नाक गालावर. आणि एकही उभी राहत नाही. अगं, सुपारीचं बूड आधी फरशीवर घासून सपाट करायचं असतं. माझ्यासमोर इतकी वर्षं बसलीस आणि एवढं बघितलं नाहीस? मी त्या पुन्हा पुन्हा उभ्या केल्या, त्या पुन्हा पुन्हा पडल्या. मला हसू आलं आणि मग इतकं रडू आलं की काजलच घाबरली.

मी तिला पहिल्यांदा चष्मेवालीचं विचारलं. तिला माहीत नाही. तू चुलीत टाकलीस की ओढ्यात, देव जाणे. मग मी तिला विचारलं, माझ्याकडे कशाला आलीस, तुझ्या आईचं नि माझं तर बोलणं बंद होतं. ती म्हणाली, “आईनंच सांगितलंवतं. म्हनली, मंदामावशीकडं जा. ती शिव्या दील, पन शिकवल्याबिगर सोडायची न्हाई.”

म्हणजे तुला माहीत होतं! मी दार लावून घेणार नाही, हे तुला पक्कं माहीत होतं. मग पोरीला पाठवण्याआधी तू का आली नाहीस? ‘चुकलं’ एवढंच म्हणायचं होतंस. तेही नको, नुसती येऊन मशीनशेजारच्या स्टुलावर बसली असतीस तरी चाललं असतं. मी चार शिव्या दिल्या असत्या, मग चहा टाकला असता. आणि मी तरी का आले नाही आंबवड्याला? एसटी तर तिकडेही जात होती. हे विचारायला आता कोण उरलं?

काजलला मी सांगितलं, मी एकही बाहुली करून देणार नाही. काल दिवसभर तिच्याकडून नुसती बुडं घासून घेतली. बोटांची सालं निघाली, डोळ्यांत पाणी आलं, पण संध्याकाळी तिच्या चार सुपाऱ्या फरशीवर ताठ उभ्या होत्या. हात तुझ्यासारखा आहे तिचा, घाई करत नाही.

तुला माफ केलं, असं समजू नकोस. पण शब्द देते. वैशाखाला अजून दीड महिना आहे. वेल्ह्याच्या मांडवात कुणी वाकून विचारेल, हे कुणी केलं, तेव्हा सासूबाई म्हणतील, आमच्या काजलनं. मी तिथं उभी असेन. आणि शालन, त्या दिवशी ते खरं असेल.

तुझ्यावर रागावलेलीच,
मंदा