कार्डावर कुणाचं नाव

रविवार, १५ नोव्हेंबर १९९८, कर्वेनगर

मनीषा, मी बोलते तसंच लिही. तुझ्या आजोबांबद्दल आहे म्हणून गाळू नकोस.

छापखानेवाल्यांचं ते मासिक यांना इतकी वर्षं फुकट यायचं. आता आत कार्ड आलंय. धंद्यात असाल तर पुढेही फुकट, नसाल तर वर्गणी भरा. संपादकाचं तरी काय चुकलं, त्याला कागद कोण फुकट देतं? पण कॉम्प्युटर आले आणि यांचा छापखाना बंद झाला, त्याला दोन वर्षं झाली. सकाळपासून कार्ड पुढ्यात, पेनाचं टोपणही काढलेलं नाही.

म्हटलं, "अहो, भरून टाका की वर्गणी."

"प्रश्न पैशाचा नाही," म्हणाले.

ते मलाही कळतं. मग उगाच कशाला डिवचलं? सवय, दुसरं काय.

संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या प्रेसच्या लग्नपत्रिका दुमडायला घेतल्या. चाळीस वर्षं छापील कागदाच्या घड्या घालतेय, त्यातलं अक्षर कळत नाही. कार्ड अजून कोरंच. शेवटी म्हटलं, "माझं नाव घाला. मी आहे की धंद्यात."

"आणि वाचणार कोण?"

"मग तुम्ही कशाला आहात?"

बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले. मग टोपण काढलं. पूर्वी छपाईचे शिशाचे खिळे जुळवायचे तसं एकेक अक्षर सावकाश लावलं.

तू पाहिलंस ना गं कार्ड? बरोबर लिहिलंय ना माझं नाव?