धुराडं मी बघितलं आहे

२ जानेवारी
आजपासून नियमित रोजनिशी. शहर सोडून या डोंगरावर राहायला आलो, त्याला हा दुसरा हिवाळा. मागचा अनुभव घेण्यात गेला. हा अंमलबजावणीचा. प्लॅन ठरलाय : घराचं गेस्ट हाउस. दमलेली शहरी माणसं येतील, शेगडीपाशी बसतील, मनाने उभारी धरतील. नाव ठरायचंय. लोगो ठरलाय.
हिला सांगायला गोठ्यात गेलो. ही दूध काढत होती. सरक, म्हणाली. गाईला.

४ जानेवारी
हिचा गुडघा सुजलाय. लाकडं फोडताना घसरली. शेगडीचं धुराडं एरवी हीच छपरावर चढून तारेच्या ब्रशने साफ करते. यंदा चढणं शक्य नाही. म्हणाली, अहो, कडाका पडायच्या आत तेवढं धुराडं बघा. बघतो, म्हटलं.

५ जानेवारी
धुराडं बघितलं. अंगणातून, दोन्ही बाजूंनी. सरळ आहे, मजबूत आहे. टोकाला कुठल्याशा पक्ष्याने घरटं केलंय, फार गोजिरं दिसतं. लोगोत घ्यायला हवं.
हिने विचारलं, बघितलंत का? म्हटलं, अगदी नीट. फार बरं केलंत, म्हणाली. एवढं कौतुक लग्नानंतर पहिल्यांदाच.

९ जानेवारी
कडाका. नळ गोठला. हिने लंगडत लंगडत गरम पाण्याची फडकी गुंडाळून तो मोकळा केला. देखरेख माझी.
एक गोष्ट लक्षात आली. झोपायच्या खोलीची खिडकी ही बोटभर उघडी ठेवते. का, तर शेगडी पेटती असली की वारा खेळता हवा. म्हणजे इकडून लाकूड जाळायचं आणि तिकडून ऊब बाहेर फेकायची. योग्य वेळी कृतीने दाखवीन.

१२ जानेवारी
कृती केली. नोंद व्हावी. ही गोठ्यात असताना जुन्या चादरीच्या चिंध्या करून खिडक्यांच्या सगळ्या फटी बुजवल्या. वरून चिकटपट्टी. दाराखालीही. ती बोटभर खिडकीसुद्धा लावून टाकली आणि वर पडदा ओढला, म्हणजे हिला सरप्राइज. घर कसं पेटीसारखं बंद झालंय.
रात्री ही म्हणाली, आज खोली चांगलीच तापलीये. मी नुसता हसलो.

१४ जानेवारी
डोकं ठणकतंय. कल्पनांची गर्दी फार, त्याचा ताण. छपरावर धूर जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे लाकूड शंभर टक्के जळतंय. ब्रोशरमध्ये ‘धूरविरहित शेगडी’ असं लिहावं का?
मांजर घरात यायला तयार नाही. उचलून आणलं तर ओरबाडून पळालं. गाईंच्या पायाशी झोपतं. जातच कृतघ्न.

१६ जानेवारी
हिचंही डोकं दुखतंय. सकाळी ओकारी झाली. गोठ्यात गेलं की उतार पडतो म्हणे, घरात आलं की परत सुरू. टोमणा कळतो मला. मन मोठं करून सोडून दिला.
जेवताना पुन्हा तेच. धुराडं नक्की बघितलंत ना? किती वेळा सांगू, म्हटलं. आवाज जरा चढलाच. मग हिने विषय काढला नाही. गाल लालबुंद दिसत होते. थंडीत हिचं रूप खुलतं.

१८ जानेवारी, पहाटे
ही उठली नाही. असं कधी होत नाही. हाक मारली तर नुसतं ‘हं’. झोपू दे बिचारीला, किती राबते. अंगावर दुसरी रजई घातली, शेगडीत जाडजाड ओंडके सारले. टेकडीवर चाललोय, पाहुण्यांसाठी सूर्योदयाची जागा नक्की करायला. माझेही पाय जड झालेत, मोकळ्या हवेत बरं वाटेल. जाताना दार घट्ट ओढून घेईन. परत आल्यावर चहा मी करणार!

१८ जानेवारी, दुपारी
दवाखान्याचा बाक. रोजनिशी खिशातच होती, म्हणून लिहितोय.
दूधवाला रोज आमच्या दाराबाहेरचा दुधाचा कॅन उचलतो. आज कॅन नव्हता आणि गाई हंबरत होत्या. त्याने हाका मारल्या, मग दार फोडलं. मी टेकडीवरून उतरलो तर ही अंगणात आडवी आणि तो हिच्या गालावर चापट्या मारतोय. मी त्याच्यावरच ओरडलो, माझ्या बायकोला हात लावतोस?
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शेगडीचा वायू कोंडला. धुराडं तुंबलं होतं का? म्हटलं, छे, मी स्वतः बघितलं होतं. बघितलं म्हणजे काय केलंत, त्यांनी विचारलं. सांगितलं. घरट्याचंही सांगितलं. त्यांनी पेनचं टोपण लावलं आणि आत निघून गेल्या.
काचेपलीकडे ही. तोंडावर नळी. ही गेली तर? फार भीती वाटतेय. देवा, काहीही कर, पण हिला उठव.

२१ जानेवारी
ही वाचली! डोळे उघडल्यावर आधी गाईंचं विचारलं. दूधवाला बघतोय म्हटल्यावर चेहरा निवळला. मग मी नवा प्लॅन सांगितला : पुढच्या हिवाळ्यापासून धुराड्याचं खातं पूर्णपणे माझ्याकडे. हिने सगळं ऐकून घेतलं. भांडली नाही, रडली नाही. चांगलं लक्षण.

२४ जानेवारी
आज डिस्चार्ज. हिची थोरली बहीण गाडी घेऊन आली. हिला विचारलं, निघायचं ना घरी? घरीच चाललेय, म्हणाली. मी दूधवाल्याच्या टेम्पोतून पुढे आलो, हिच्या आधी पोचून घर आवरायला. चिंध्या उपटल्या, खिडक्या सताड उघडल्या, अंथरूण घातलं, दारात खुर्ची टाकून बसलो.
दुपार टळली. रस्ता चुकल्या असतील. थोरलीला वळणं लक्षात राहत नाहीत. पण शेजारी ही बसलीये, आणि हिचा रस्ता आजवर चुकलेला नाही.
उन्हं उतरल्यावर टेम्पो आला. दूधवाला सरळ गोठ्यात गेला, दावी सोडली आणि दोन्ही गाईंना फळीवरून टेम्पोत चढवू लागला. म्हटलं, अरे, कुठे नेतोस? म्हणाला, ताईंनी सांगितलंय, बहिणीकडे पोचवायच्यात.
माझ्याबद्दल काही सांगितलंय का, विचारलं. त्याने आठवून पाहिलं. नाही, म्हणाला.