अठरानंतर वीस

धाकटे,

तू डोळे मिटल्यापासून तुझी पोर शाळेत एक शब्द बोलली नव्हती. तिला परत आपल्या घरी न्यायचं म्हणूनच मी या परक्या देशात आले. आज शाळा सोडल्याचा दाखला मागायला गेले, तर मैदानात देशोदेशीची मुलं तिच्या दोरीवरच्या उड्या तुझ्या-माझ्या भाषेत मोजत होती. "सतरा, अठरा, वीस!"

तुझ्यासारखंच एकोणीस गाळून. किती चिडवायचे मी तुला त्यावरून!

पोर धावत आली. "मावशी, मी शिकवलं त्यांना. बरोबर मोजतात ना?"

"अगदी बरोबर," मी म्हटलं.

दाखला मागितलाच नाही. पुन्हा एकदा ते 'अठरा, वीस' तुझ्या तोंडून ऐकायचं होतं गं.

तुझ्या चुका काढणारी,
ताई